प्रेक्षागृहातील अश्रू आणि फुटपाथवरील माणसे

बेघरांच्या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष वेधण्यासाठी कलेचा उपयोग करावा, ही कल्पना या शहराला आता नवी राहिलेली नाही. छायाचित्रांची प्रदर्शने भरतात, महाविद्यालयांतील विद्यार्थी पथनाट्ये बसवितात, लघुपट दाखविले जातात, चित्रांची विक्री होऊन तिचे उत्पन्न एखाद्या संस्थेच्या हवाली केले जाते. अशा कार्यक्रमांची निमंत्रणे आमच्या कचेरीत येत असतात. तेथे जमणारी मंडळी सुशिक्षित आणि सहृदय असतात व त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास आम्हांस जागा दिसत नाही. तथापि कार्यक्रम आटोपल्यावर हीच मंडळी सभागृहाच्या पायऱ्या उतरतात, बाहेर अंगावर चादर ओढून निजलेल्या माणसाला वळसा घालतात आणि गाडी पकडण्याच्या घाईला लागतात. आतल्या चित्राचा आणि बाहेरच्या माणसाचा काही संबंध आहे, ही गोष्ट त्या घाईत कोणाच्या ध्यानातही येत नाही. याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते निदान मान्य नाही. माणसे ढोंगी नाहीत. त्यांना आत जे दाखविले गेले तेच अपुरे होते, असे आमचे मत आहे, आणि आज या स्तंभात आम्ही तेच मांडणार आहोत.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होती. २००१ पासूनच्या दहा वर्षांत खेड्यांतील बेघरांची संख्या घटली, शहरांतील मात्र वाढली; म्हणजे खेड्याने ज्याला ठेवून घेतले नाही त्याला शहराने आपल्या रस्त्यावर आणून निजविले. महाराष्ट्रातील आकडा २ लाख १० हजारांच्या घरात होता आणि बृहन्मुंबईचा ५७ हजारांच्या. ज्याने मध्यरात्रीनंतरची मुंबई एकदा जरी पायी पाहिली आहे, त्याला हा शेवटचा आकडा खरा वाटणार नाही. बेघरांची ही गणना एकाच रात्री, २८ फेब्रुवारीला, होते. त्या रात्री जो बाजारात हमाली करीत होता, जो लग्नाच्या मांडवात भांडी घाशीत होता, ज्याला शिपायाने तासाभरापूर्वीच काठी आपटून हुसकले होते, तो त्या गणनेतून निसटला तर नवल काय? ज्याच्या दाराला क्रमांक आहे त्याच्याकडे गणक दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकतो. ज्याला दारच नाही त्याच्याकडे पुन्हा कोठे जावयाचे?

जनगणनेने बेघर कोणास म्हणावे याची जी व्याख्या केली आहे ती वाचण्यासारखी आहे. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपांत, उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, देवस्थानांच्या उघड्या आवारात, मंडपांत, रेल्वेच्या फलाटांवर राहणारी ती माणसे बेघर. 'ह्यूम पाइप' हे शब्द वाचताना आमच्या जुन्या वाचकांना ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'शहर और सपना' हा चित्रपट खचित आठवला असेल. मुंबईत घर शोधता शोधता शेवटी एका नळात संसार थाटणाऱ्या तरुण जोडप्याची ती कथा. १९६३ च्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. चित्रपटाचा गौरव झाला, तो योग्यच झाला. आणि ४८ वर्षांनंतरच्या जनगणनेतही तो नळ जागच्या जागी होता, त्यात राहणारी माणसेही होती. कलेने डोळे उघडतात हे सूत्र आपण फार भाबडेपणाने उच्चारतो. डोळे उघडतात हे खरे, पण उघडलेले डोळे पुन्हा मिटण्यास फारसा वेळ लागत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच रंगभूमीवर आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातुश्री सभागृहात गोवा हिंदु असोसिएशनने शिरवाडकरांचे 'नटसम्राट' प्रथम रंगमंचावर आणले. डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर ज्यांनी पाहिले त्यांनी ते आयुष्यभर जपून ठेवले. पुढे कितीतरी थोर नटांनी ती भूमिका केली, २०१६ साली तिचा चित्रपट झाला, आणि घराची याचना करणारे ते स्वगत तर आता स्नेहसंमेलनांतील आणि स्पर्धांतील शाळकरी मुलांच्याही तोंडी झालेले आहे. छप्पर हरपलेल्या माणसाविषयी मराठी माणसाने जेवढे अश्रू या एका नाटकात ढाळले, तेवढे अन्य कोणत्याही कलाकृतीपुढे ढाळले नसतील. हा शिरवाडकरांच्या प्रतिभेचा विजय आहे, यात तिळमात्र शंका नाही. पण आपण रडलो कोणासाठी, हे एकदा शांतपणे तपासून पाहावे. आपण रडलो ते आपल्यापैकीच एकासाठी. बेलवलकरांना घर होते, मुलगा-मुलगी होती, कीर्ती होती, शेक्सपिअर मुखोद्गत होता. उंचावरून कोसळलेल्या माणसाचा तो शोक होता, आणि आपल्यालाही उद्या आपली मुले घराबाहेर काढतील की काय, या भयाने आपण कासावीस झालो. पण त्या नाटकात आणखी एक बेघर आहे. बूटपॉलिश करणारा तो पोरगा. अप्पासाहेबांना त्यांच्या पोटच्या पोरांनी दिला नाही तो आसरा त्याने दिला. त्याला कधीच घर नव्हते. त्याला कोणी पाडले नव्हते, कारण तो कधी वर चढलाच नव्हता. पडदा पडल्यावर त्या पोराचे काय झाले, हा प्रश्न एवढ्या वर्षांत किती प्रेक्षकांनी स्वतःला विचारला असेल? नाटककाराने त्याला रंगमंचावर आणून आपले काम केले होते. त्याच्याकडे पाहावयाचे राहिले ते प्रेक्षकांचे.

अशा पोरांना खऱ्या अर्थाने पुढे आणणारी मराठी लेखणी निर्माण झाली ती फुटपाथवरूनच. नारायण सुर्वे हे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना सापडलेले अनाथ मूल. पुढे त्यांनी फुटपाथवरही रात्री काढल्या, आणि १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' व १९६६ साली 'माझे विद्यापीठ' हे संग्रह मराठीला दिले. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून लिहीत होते. १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले. दोन्हींना साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली ज्यांच्यावरील तो शिक्का कागदोपत्री पुसला, त्यांनी गाव आणि घर कशाला म्हणतात हे बाहेरून पाहिले होते. आज मुंबईच्या सिग्नलपाशी गजरे आणि लिंबू-मिरच्या विकणाऱ्यांत पारधी कुटुंबे दिसतात, ती कोणत्या इतिहासातून तेथवर पोचली हे समजून घ्यावयाचे असेल तर प्रदर्शनातील दहा छायाचित्रांपेक्षा या जमातींच्या आत्मकथनांतील एक प्रकरण अधिक उपयोगी पडेल. छायाचित्र माणूस दाखविते. तो तेथे कसा आला हे सांगण्यास त्याच्यापाशी जागा नसते.

आणि येथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. बेघरपणाची अवस्था दाखविणारी कला आपल्याकडे विपुल आहे. माणूस बेघर कसा होतो ही प्रक्रिया दाखविणारी कला विरळा. सुरकुतलेला चेहरा, फाटके पांघरूण, पावसात भिजणारे मूल, पाठीमागे उंच इमारतींचे दिवे, हा देखावा आता इतका परिचयाचा झाला आहे की त्याचे एक सौंदर्यशास्त्रच बनून गेले आहे. प्रेक्षक तो देखावा पाहतो, हळहळतो, आणि ही माणसे अशीच असतात, अशीच होती व अशीच राहणार, असा एक अबोल निष्कर्ष घेऊन घरी जातो. दारिद्र्य हे जणू पर्जन्यमानासारखे आहे, त्याला कोणी कर्ता नाही, अशी समजूत करून देणारी कला ही जागृती करीत नसून गुंगी आणते, असे म्हटल्यास ते फार कठोर होईल काय? आम्हांला तसे वाटत नाही.

विलायतेतील एक दाखला येथे देण्याजोगा आहे. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी बी.बी.सी.ने 'कॅथी कम होम' हे दूरचित्रवाणी-नाटक दाखविले. लेखक जेरेमी सँडफर्ड, दिग्दर्शक केन लोच. सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी, म्हणजे त्या देशातील जवळजवळ चौथ्या हिश्श्याने, ते पाहिले. कथा अगदी साधी होती. एक तरुण जोडपे. नवरा गाडी चालवितो. त्याला अपघात होतो, कमाई थांबते. मग सासूच्या दाटीवाटीच्या घरात राहणे, मग भाड्याच्या खोलीतून हकालपट्टी, मग एका मोडक्या फिरत्या गाडीत संसार, मग नवऱ्याला प्रवेश नसलेले बायकामुलांचे वसतिगृह, आणि अखेर रेल्वे स्थानकावर आईच्या कुशीतून मुले ओढून नेणारे सरकारी कर्मचारी. त्या नाटकात खलनायक कोणी नाही. प्रत्येक पायरीवर एक नियम आहे, एक कारकून आहे आणि एक रांग आहे. प्रेक्षकाला प्रथमच कळले की आपल्या आणि त्या बाईच्या मध्ये केवळ एका अपघाताचे अंतर आहे, आणि त्या अपघातानंतर जे घडते ते नगरपालिकांच्या नियमांनी घडते. नियम माणसांनी केलेले असतात, म्हणून ते माणसांना बदलता येतात.

तरीही या नाटकाच्या यशाची जी दंतकथा सांगितली जाते तिच्यात थोडे मीठ टाकूनच ती स्वीकारली पाहिजे. नाटक झाले आणि कायदा झाला, असे घडलेले नाही. बेघरांसाठी 'शेल्टर' ही संस्था त्याच वर्षी १ डिसेंबरला सुरू झाली खरी. पण तिची तयारी नाटकापूर्वीपासून स्वतंत्रपणे चालू होती. नाटकाने जागे झालेल्या माणसाला दुसऱ्या पंधरवड्यात जाण्याचे एक ठिकाण मिळाले, हा तो योग. बेघर कुटुंबांना निवारा देण्याचे कायदेशीर कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकणारा कायदा तेथील पार्लमेंटने केला तो १९७७ साली, म्हणजे अकरा वर्षांनी. मधल्या अकरा वर्षांत अर्ज, मोजदाद, सभा, खटपटी आणि निवडणुका झाल्या. नाटकाने दार ठोठावले. ते उघडण्याचे काम ज्यांची नावे श्रेयनामावलीत नव्हती त्यांनी केले.

आपल्याकडेही असे एक दशक होऊन गेले आहे आणि ते आपण फार लवकर विसरलो. १९८१ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, फुटपाथवरील लोकांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा निर्णय मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केला. झोपड्या मोडल्या गेल्या, माणसे बसगाड्यांत घालून शहराबाहेर नेण्यात आली. ऑल्गा टेलिस या पत्रकार आणि फुटपाथवरील काही रहिवासी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे थोर तत्त्व त्या निकालाने सांगितले. आणि त्याच निकालाने, रीतसर सूचना देऊन फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही उचलून धरला, केवळ तो पावसाळा संपेपर्यंत थांबावयास लावले. तत्त्व फुटपाथवाल्यांच्या पदरात पडले आणि फुटपाथ पालिकेच्या. कायद्याचे विद्यार्थी आजही पहिला भाग पाठ करतात.

त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' हा अनुबोधपट पुरा झाला. त्यातील एक प्रसंग प्रत्येक छायाचित्रकाराने आणि लघुपटकाराने पाहावा अशी आमची शिफारस आहे. झोपडी मोडली गेलेली एक स्त्री कॅमेऱ्यामागील माणसालाच फैलावर घेते: तुम्ही आमची चित्रे काढणार, तुमचे नाव होणार, आमचे काय होणार? दिग्दर्शकाने तो भाग कापून टाकला नाही, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. पण त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर त्या चित्रपटात नाही. १९८८ साली मीरा नायर यांनी 'सलाम बॉम्बे' काढला, रस्त्यावरच्या मुलांना शिकवून त्यांच्याकडूनच भूमिका करविल्या, आणि पुढे त्या मुलांसाठी 'सलाम बालक' हा न्यास उभा राहिला. त्या उत्तराचा एक अंश म्हणून त्याची नोंद केली पाहिजे.

परंतु आमच्या मते त्या दशकातील सर्वांत मोठी कलाकृती कोणत्याही चित्रपटगृहात लागली नाही. ती भायखळ्याला झाली. तेथील फुटपाथवर राहणाऱ्या स्त्रियांनी 'स्पार्क' या संस्थेच्या साहाय्याने आधी आपली स्वतःची मोजदाद केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाच्या नावाचा अर्थच 'आम्ही अदृश्य माणसे' असा होता. सुमारे सहा हजार कुटुंबांच्या त्या पाहणीत दिसून आले की ही माणसे भिकारी नव्हेत. ती हमाल, मोलकरणी, फेरीवाले, रोजंदारीवरचे मजूर आहेत, आणि कामाच्या जागी पायी पोचता यावे एवढ्यासाठी फुटपाथ धरून बसली आहेत. मग 'महिला मिलन' या नावाने एकत्र आलेल्या त्या बायकांनी, आपल्याला घर मिळालेच तर ते कसे असावे याची चर्चा आरंभिली. नकाशा वाचता येत नव्हता, फुटपट्टी ठाऊक नव्हती. त्यांनी साडीच्या लांबीने उंची-रुंदी मापली. बांबू आणि कापड यांचे पूर्ण मापाचे घर उभे केले. त्याची उंची चौदा फूट ठेवली, म्हणजे आत पोटमाळा बसतो व तेवढ्याच जमिनीत निजण्याची जागा दुप्पट होते. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेल्यांना न सुचलेली ती युक्ती फुटपाथवर आडोसा करून पंधरा वर्षे संसार केलेल्या बाईला सुचली. त्या घराचे प्रदर्शन मांडले गेले. लोक आत जाऊन उभे राहिले, अधिकारी आले, इतर वस्त्यांतील बायका आल्या आणि येथे चूल कोठे, मोरी कोठे, यावर तावातावाने वाद घालू लागल्या. हे नेपथ्य होते, त्यात पात्रे होती, संवाद होते. फरक एवढाच की या नाटकातील घर प्रयोगानंतर मोडून ठेवण्यासाठी उभारलेले नव्हते. त्यांतील काही कुटुंबांना पुढे मानखुर्दला पक्की घरे मिळाली. त्याला सुमारे दोन दशके लागली.

कला ही कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके-खांडेकरांच्या काळातील वाद कोणी येथे पुन्हा उकरून काढील. त्यात शिरण्याची आम्हांस गरज वाटत नाही. भायखळ्याच्या बायकांना तो वाद ठाऊक नव्हता आणि त्याने त्यांचे काही अडले नाही.

आता आजचा प्रश्न. दिल्लीत कडाक्याच्या थंडीत एक रात्रनिवारा मोडण्यात आल्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि पुढे सर्व राज्यांना आदेश दिले. मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे निदान एक निवारा असावा, तो बारा महिने व चोवीस तास उघडा असावा, हे माप त्यातून ठरले. २०१३ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी उपजीविका योजनेने ते माप स्वीकारले, दर माणशी ५० चौरस फूट जागा सांगितली आणि पैशाचीही सोय केली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख. त्या हिशेबाने येथे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातील संख्या त्या मापाच्या जवळपासही कधी पोचलेली नाही. कारण विचारले की जागा नाही असे उत्तर मिळते. जगातील महागड्या जमिनींपैकी ही एक, तेव्हा हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. पण त्यामागे आणखी एक कारण असते आणि ते कोणत्याही सरकारी पत्रात लिहिलेले आढळत नाही. एखादी पालिका शाळेची रिकामी इमारत, एखादा बंद पडलेला दवाखाना निवाऱ्यासाठी घ्यावयाचे ठरले की शेजारच्या सोसायट्यांचे अर्ज जातात. आमच्या गल्लीत ही माणसे नकोत. मुलीबाळी येथून जातात. जागेचे भाव पडतील. अर्जाखाली सह्या करणारे लोक सुशिक्षित असतात. त्यांतील काहींनी 'नटसम्राट' दोन-दोनदा पाहिलेले असते.

आम्ही हे उपहासाने लिहीत नाही. अनोळखी माणसाचे भय ही मानवी गोष्ट आहे, आणि ते भय कायद्यानेही पोसले आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा-प्रतिबंधक कायद्याने उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसता सार्वजनिक जागी फिरणाऱ्या वा थांबणाऱ्या माणसालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत आणून बसविले. भीक मागण्याला गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. पण ज्याला घर नाही तो संशयित, ही समजूत आपल्या मनात साठ-सत्तर वर्षे मुरलेली आहे. आम्ही मास्तरकी करीत होतो त्या काळात 'माझे घर' हा विषय निबंधाला हमखास असे आणि शाळेच्या प्रत्येक अर्जात कायमच्या पत्त्याचा रकाना असे. ज्याच्याजवळ तो रकाना भरण्यास काही नाही, त्याला शिधापत्रिकेपासून मतदार यादीपर्यंत प्रत्येक खिडकीवर प्रथम आपण कोणी आहोत हे सिद्ध करावे लागते. पदपथ साफ करण्याच्या मोहिमेत गाठोडे उचलले जाते तेव्हा भांडीकुंडी जातात त्याचे दुःख असतेच, पण त्या गाठोड्यातील कागद जातात ते दुःख अधिक मोठे. ते कागद मिळविण्यासाठी खाडे केलेले दिवस कोणी परत देत नाही.

ही भीती घालविणे हे कलेचे काम आहे, आणि ते अन्य कोणाला तितके चांगले साधणार नाही, असे आम्हांस वाटते. निवाऱ्यात कोण राहतो, तो पहाटे कोणत्या नाक्यावर कामाला जातो, किती कमावतो, गावाकडे किती धाडतो, पाठोपाठच्या कोणत्या तीन घटनांनी तो येथे आला, हे ज्या नाटकात किंवा लघुपटात दिसेल त्याचा प्रयोग आलिशान कलादालनात करण्याची गरज नाही. तो त्याच सोसायटीच्या गच्चीवर करावा, जिच्या शेजारी निवारा होऊ घातला आहे. गणेशोत्सवाच्या मंडपाइतके चांगले प्रेक्षागृह आपल्या शहरात दुसरे नाही. तेथे वर्षानुवर्षे देखावे होतात, त्यांत एखाद्या वर्षी आपल्याच वॉर्डातील बेघरांचा देखावा का होऊ नये? महापालिकेची स्वतःची नाट्यगृहे आहेत. त्यांच्या दर्शनी भागात, नाटकांच्या पाट्यांशेजारी, त्या वॉर्डाला किती निवारे हवेत आणि किती आहेत, एवढे दोन आकडे लिहिलेला एक फलक लावावा. त्याला कलेचे नाव देण्याची आवश्यकता नाही. आणि ज्यांच्याविषयी नाटक आहे त्यांना तालमीला बोलवावे, प्रयोगाला पुढच्या रांगेत बसवावे, त्यांनी ज्या वाक्याला हरकत घेतली ते वाक्य काढून टाकावे. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी. निजलेल्या माणसाला ती देता येत नाही, म्हणून निजलेल्या माणसाचे छायाचित्र घेऊ नये.

शेवटी एक तातडीची सूचना. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेची संदर्भतारीख शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे १ मार्च २०२७ ही आहे. मागील रिवाज पाळला गेला तर बेघरांची मोजणी त्याच्या आदल्या रात्री होईल, आणि त्या एका रात्रीत जो आकडा कागदावर येईल त्यावर पुढील दहा वर्षांचे निवारे, शिधा आणि निधी यांची गणिते मांडली जातील. कोणत्या पुलाखाली किती माणसे निजतात, कोणती माणसे पहाटे चारला उठून मंडईत जातात, हे गणक म्हणून नेमलेल्या शिक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्या विद्यार्थ्यांनी त्या पुलाखाली पथनाट्य केले, ज्या छायाचित्रकारांनी तेथे रात्री घालविल्या, त्यांना ते ठाऊक आहे. त्यांनी वाटाडे म्हणून गणकांबरोबर जाण्याची परवानगी आतापासून मागावी. ती न मिळाल्यास वॉर्डवार जागांच्या याद्या तरी करून जनगणना कार्यालयाकडे आणि महापालिकेकडे लेखी धाडाव्या व पोच घ्यावी. नाट्यसंस्थांनी त्या रात्रीचे आपले प्रयोग बंद ठेवले तर ते अधिक बरे. ज्या संस्था अशा याद्या करतील त्यांनी एक प्रत आमच्याकडे धाडावी. माणसांची नावे वगळून त्या प्रसिद्ध करण्यास या पत्राच्या याच पानावर आम्ही जागा राखून ठेवीत आहोत.